‘तुमचा फोटो बाद’ म्हणजे नेमकं काय? ऑनलाइन छायाचित्र स्पर्धा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यात कॅमेऱ्याला खुणावणाऱ्या जागा थोड्या नाहीत. भोकरदन तालुक्यातलं अन्व्याचं प्राचीन शिवमंदिर, अंबडची मत्स्योदरी देवी, राजूरचा गणपती, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, जालना शहराचा मोती तलाव, घाणेवाडीचा जलाशय. इथे सकाळी मोबाइलवर काढलेला फोटो संध्याकाळी एखाद्या ऑनलाइन स्पर्धेत दाखल झालेला असतो. निकालाच्या वेळी मात्र अनेकांच्या हाती एवढीच ओळ पडते : ‘आपली प्रवेशिका अपात्र ठरली आहे.’ कोणत्या नियमाने, कशावरून, दाद कुणाकडे मागायची, यातलं काहीच कळत नाही. मग ज्याचा त्याने अर्थ लावायचा. कुणाला वशिला दिसतो, कुणाला आपला साधा मोबाइल आड आला असं वाटतं, कुणी स्पर्धांचा नादच सोडतो.

बाद करणं हा आयोजकांचा अधिकार आहे. पण अधिकार वापरला की कारण सांगणंही आलंच. हे दोन्ही बाजूंना उमगायचं, तर आधी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : फोटो बाद झाला, म्हणजे तो चांगला नव्हता.

वस्तुस्थिती : पात्रता आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. पहिली नियमांची, दुसरी परीक्षकांच्या नजरेची. बाद झालेला फोटो बहुधा दुसऱ्या चाळणीपर्यंत पोचलेलाच नसतो.

‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या स्पर्धेत हे स्वच्छ दिसतं. वारसास्थळांच्या फोटोंची ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून भारतही तिच्यात आला. २०१७ साली तिचं जागतिक पहिलं पारितोषिक महाराष्ट्रातल्या फोटोला मिळालं : भंडाऱ्यात न्हालेलं जेजुरीचं खंडोबा मंदिर. तिच्या मूळ अटी मोजक्या आहेत. फोटो स्वतः काढलेला हवा, स्पर्धेच्या मुदतीत स्वतःच चढवलेला हवा, मुक्त परवान्याखाली दिलेला हवा आणि त्यात दिसणारं स्मारक अधिकृत यादीतलं असून त्याची ओळख पटायला हवी.

अन्व्याचं मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणजे ते यादीत बसतं. जुन्या जालन्यातला एखादा देखणा वाडा यादीत नसेल, तर त्याचा कितीही सुंदर फोटो स्पर्धेबाहेर राहतो. पण हे फोटो ज्या मुक्त संग्रहात चढवले जातात, त्या विकिमीडिया कॉमन्सवरून तो काढून टाकला जात नाही. उद्या जालन्यावरच्या एखाद्या लेखात तो वापरलाही जाऊ शकतो. ‘स्पर्धेत बसत नाही’ आणि ‘फोटो नको आहे’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ती वेगळ्या शब्दांतच कळवायला हवीत.

याच स्पर्धेबाबत आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मुदत फोटो चढवण्याला असते, काढण्याला नसते. पाच वर्षांपूर्वी काढलेला फोटोही चालतो. इतर काही स्पर्धांत मात्र फोटो ठरावीक काळातच काढलेला लागतो. म्हणून नियमावलीत ‘मुदत’ एवढंच न लिहिता ती कशाची, हे लिहिलं पाहिजे.

गैरसमज : थोडंसं एडिटिंग केलं की फोटो बादच.

वस्तुस्थिती : बहुतेक स्पर्धांत उजेड, रंग आणि कातर यांची मर्यादेतली दुरुस्ती चालते. फोटोत नसलेलं आणणं किंवा असलेलं पुसणं हा वेगळा प्रकार आहे. २०१२ साली नॅशनल जिओग्राफिकच्या स्पर्धेत हॅरी फिश या छायाचित्रकाराचा वाराणसीतला गंगाकाठचा फोटो ‘ठिकाणे’ विभागात पहिला आला होता. फोटोच्या कडेला एक पिशवी दिसत होती, ती त्यांनी एडिटिंगमध्ये पुसली होती. तेवढ्यावरून फोटो बाद झाला. ती पिशवी कातरून टाकली असती किंवा तशीच राहू दिली असती, तर अडचण आली नसती, असं त्यांना सांगण्यात आलं.

राजूरच्या यात्रेतल्या फोटोत मधे आलेली विजेची तार पुसताना हे लक्षात असू द्यावं. पण त्यासाठी आयोजकांनीही ‘अति एडिटिंग चालणार नाही’ असं मोघम लिहून भागत नाही. ‘कातर चालेल, उजेड कमीजास्त केलेला चालेल, वस्तू पुसलेली चालणार नाही’ असं लिहिलं, तर वादाला जागाच उरत नाही.

गैरसमज : फोनच्या गॅलरीतच केलेला बदल एडिटिंगमध्ये धरत नाहीत.

वस्तुस्थिती : बदल कुठे केला याला महत्त्व नाही, काय बदललं याला आहे. आजच्या अनेक फोनमध्ये बोट फिरवून माणूस पुसता येतो, आकाश बदलता येतं. हे कृत्रिम बुद्धिमत्तेचंच काम आहे आणि पुष्कळ स्पर्धांत ते चालत नाही. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका विभागात बोरिस एल्डागसेन यांची प्रतिमा विजयी ठरली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केल्याचं सांगून त्यांनी बक्षीस नाकारलं. पुढच्याच वर्षी उलटं घडलं. माइल्स ॲस्ट्रे यांनी रोहित पक्ष्याचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात पाठवला. तो तिथे बक्षीसपात्र ठरला आणि खरं कळल्यावर बाद झाला. नुसतं पाहून फरक ओळखण्याच्या भरवशावर आता कुणालाच राहता येणार नाही. मूळ फाइल मागणं हाच रास्त मार्ग आहे, आणि ती मागितली जाईल हे आधीच जाहीर करणं तितकंच आवश्यक.

गैरसमज : शटर मी दाबलं, म्हणजे हक्क माझाच.

वस्तुस्थिती : एरवी हे खरं असतं. पण प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ मध्ये याला अपवाद आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला हक्क काम देणाऱ्याचा असतो. लग्नाच्या ऑर्डरमधला नवरीचा उत्तम फोटो स्पर्धेत पाठवण्याआधी स्टुडिओवाल्याने त्या घरची लेखी परवानगी घ्यावी, ती याचसाठी.

गैरसमज : फोटोखालचं वर्णन म्हणजे शोभेची ओळ.

वस्तुस्थिती : वर्णन हा प्रवेशिकेचा भाग असतो आणि ते खोटं निघालं तर बक्षीसही जातं. २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत जोव्हानी ट्रॉइलो यांच्या बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या फोटोमालिकेला पहिलं पारितोषिक मिळालं होतं. त्यातला एक फोटो शार्लरुआत नव्हे, तर ब्रुसेल्स परिसरात काढलेला असल्याचं उघड झालं आणि पारितोषिक परत घेण्यात आलं. ‘आपला जालना’ अशा विषयाला शेजारच्या जिल्ह्यातलं लेणं किंवा बारव पाठवली, तर फोटो खरा असूनही प्रवेशिका खोटी ठरते.

गैरसमज : तक्रार आली किंवा फोटोची तांत्रिक माहिती जुळली नाही, की दोष सिद्ध झाला.

वस्तुस्थिती : तक्रार ही चौकशीची सुरुवात असते. २०१३ मध्ये पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या विजेत्या फोटोवर अनेक फोटो जोडून तो बनवल्याचा आरोप झाला. वर्ल्ड प्रेस फोटोने स्वतंत्र तज्ज्ञांकडून मूळ फाइल तपासून घेतली. आरोप टिकला नाही, बक्षीस कायम राहिलं.

तांत्रिक माहितीचंही तसंच आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं की तारीख चुकते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो आणि तारीख, कॅमेरा यांची नोंद पुसली जाते. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल शाबूत राहते. व्हॉट्सॲपवर प्रवेशिका मागवायच्या आणि मग ‘मूळ माहिती नाही’ म्हणून फोटो बाद करायचा, हा स्पर्धकावर उघड अन्याय आहे.

गैरसमज : ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ असं छापलं, की कारण द्यायची गरज नाही.

वस्तुस्थिती : निर्णय अंतिम असूनही सकारण असू शकतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने हे करून दाखवलं आहे. त्यांच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २०१७ साली मार्सिओ काब्राल यांचा ब्राझीलमधला फोटो एका विभागात विजयी ठरला : रात्री चमचमणाऱ्या वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. पुढे निनावी माहिती आली, की तो प्राणी पेंढा भरलेला आहे. संग्रहालयाने पाच शास्त्रज्ञांकडून स्वतंत्रपणे तपास करून घेतला. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी फोटोतल्या प्राण्याच्या खुणा, केसांची ठेवण आणि उभं राहण्याची ढब ताडून पाहिली. पाचही जण एकाच निष्कर्षाला आले. काब्राल यांचं म्हणणंही ऐकलं गेलं. त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या मूळ फाइली दिल्या, पण त्यांपैकी एकीतही मुंगीखाऊ नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये फोटो बाद झाला आणि कारणांसह ते जाहीर करण्यात आलं. काब्राल यांनी आरोप नाकारला, तेही नोंदलं गेलं. ज्याला निर्णय पटत नाही, त्यालाही तो कशावर उभा आहे हे वाचता येतं.

जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेला पाच शास्त्रज्ञ लागत नाहीत. प्रत्येक नियमाला क्रमांक द्यावा. बाद करताना पाच गोष्टी कळवाव्यात : कोणता नियम मोडला, फोटोत किंवा फाइलमध्ये काय आढळलं, स्पर्धकाने कोणता पुरावा दिल्यास फेरविचार होईल, खुलाशाला किती दिवस आहेत आणि फेरविचार कोण करणार. पहिल्यांदा निर्णय घेणाऱ्यानेच फेरविचार करू नये. आकार, वर्णन किंवा फाइलचा प्रकार अशी सुधारता येणारी चूक असेल, तर मुदतीत ती सुधारायची संधी द्यावी. फसवणुकीचा ठपका ठेवायचा असेल, तर खुलासा ऐकल्याशिवाय नाव जाहीर करू नये. शेवटी, किती प्रवेशिका कोणत्या नियमाने बाद झाल्या याचा नावांशिवायचा तक्ता निकालासोबत छापावा. पुढच्या वर्षी नियम कुठे सोपा करायचा, हे त्या तक्त्यातूनच कळेल.

स्पर्धकांनीही आपली बाजू भक्कम ठेवावी. मूळ फाइल जपून ठेवावी, त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे फोटो पुसू नयेत, काय दुरुस्ती केली ते लिहून ठेवावं. आणि फोटो बाद झाला तर आयोजकांना एकच प्रश्न विचारावा : ‘नियम क्रमांक कोणता?’ ज्या आयोजकाला याचं उत्तर देता येत नाही, त्याने तो फोटो पुन्हा स्पर्धेत घ्यावा.