कोरी जागा आणि खोटी तारीख

काही वर्षांमागे एका कचेरीत आम्ही आपल्या कामासाठी बसलो असता शेजारच्या खिडकीपाशी घडलेला एक प्रसंग आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. एक वृद्ध बाई अर्ज भरून घेण्यास आल्या होत्या. जन्मतारीख विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "तारीख नाही रे ठाऊक, बाबा. भाताच्या कापणीत झाले, एवढेच आई सांगायची." कारकून भला माणूस होता, परंतु संगणकाच्या पडद्यावरील तो रकाना भरल्यावाचून अर्ज पुढे सरकेना. अखेर त्याने १ जानेवारी ही तारीख ठोकून दिली.

बाईंनी खरे तेच सांगितले होते. कारकुनाच्या मनातही लबाडी नव्हती. तरी कागदोपत्री खोटे उमटलेच. मग दोष कोणाचा? आमच्या मते, तो अर्ज ज्याने घडविला त्याचा. आमच्या वाचकांची मुले-मुली आज शहरांत हीच विद्या शिकत आहेत. म्हणून हा विषय घरातील वडीलधाऱ्यांच्याही कानावर घालावासा वाटतो.

पडद्यावरील अर्जाच्या मागे डेटाबेस असतो. ती एक आखीव नोंदवहीच समजावी: प्रत्येक माणसास एक ओळ, प्रत्येक माहितीस एक रकाना. अर्ज आणि वही निरनिराळी घडविली, तर एकीत केलेला बदल दुसरीत करावयाचा राहून जातो. हा घोळ टाळण्यासाठी तयार चौकटी निघाल्या. त्यांस फ्रेमवर्क म्हणतात. जँगो ही त्यांपैकी एक. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात काम करीत असता एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली पायथन या संगणकी भाषेत तिचा पाया घातला, आणि २००५ साली ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव तिला दिले आहे.

समजा, आपल्या देवळातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीसाठी अर्ज करावयाचा आहे. जँगोत प्रथम 'मॉडेल' लिहितात, म्हणजे वहीचे रकाने सांगतात: नाव अमुक अक्षरांपर्यंत, जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख. त्यावरून चौकट डेटाबेसात वही आखून देते, आणि 'मॉडेलफॉर्म' या साधनाने त्याच वर्णनावरून अर्जही उभा करते. एकदा सांगितलेले पुन्हा सांगावे लागत नाही.

येथवर काम सोपे आहे; खरी जोखीम यापुढे आहे. जँगोत सामान्यतः रकाना सक्तीचाच धरला जातो. घडविणारा काहीच बोलला नाही, तरी निर्णय झालेला असतो, आणि त्याचा भार खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसावर पडतो. ही सक्ती उठविण्यास दोन शब्द आहेत. 'ब्लँक' हा शब्द अर्जास सांगतो की ही जागा कोरी चालेल. 'नल' हा वहीस सांगतो की येथे काहीच नसले तरी चालेल. तारखेच्या रकान्यास दोन्ही हवेत. पहिलाच दिला, तर अर्ज जे स्वीकारतो ते वही नाकारते.

पण सगळेच कोरे राहिले तर नोंदीचा उपयोग काय? म्हणून 'जन्माचे अदमासे साल' असा आणखी एक रकाना ठेवावा, आणि अर्जाच्या 'क्लीन' या भागात आपला नियम लिहावा: तारीख व साल यांपैकी एक तरी हवेच. तेथेच दुसराही नियम घालता येतो, की बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा असू नये. नियम मोडल्यास अर्ज पुन्हा समोर येतो. लिहिलेला मजकूर तसाच राहतो, आणि चूक काय ते दिसते. ती सूचना सरळ मराठीत, समजेल अशी असावी.

आणखी एक सावधगिरी. अर्जात कोणते रकाने दाखवावयाचे ते नावानिशी सांगावे. 'सगळे' असे म्हणण्याचीही सोय आहे. परंतु उद्या वहीत 'नोंद तपासली' असा रकाना वाढविला, तर तो आपोआप अर्जात येतो, आणि जो अधिकार केवळ नोंद तपासणाराचा, तो वाटेल त्याच्या हाती जातो.

ही विद्या शिकणाऱ्या तरुणांस आमची एवढीच विनंती आहे. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी अर्ध्या दिवसापुरते अशा एखाद्या खिडकीपाशी जाऊन बसावे. कोणास काय ठाऊक असते, कोणास काय ठाऊक नसते, हे ऐकावे. आणि मगच प्रत्येक रकाना सक्तीचा का, हे स्वतःस विचारावे. त्या बाईंच्या अर्जात 'अदमासे साल' एवढी एक जागा असती, तर त्यांनी सांगितलेले खरे खरेच राहिले असते.