पंखामागचा तक्ता

सिम्युलेटरच्या यादीत विमानाचं नाव व्यवस्थित दिसत होतं. पुण्याचा विमानतळ निवडला, उड्डाणाचं बटण दाबलं, आणि धावपट्टीवर उभं राहिलं एक निळं-पिवळं ग्लायडर. मी तर एका छोट्या, एक-इंजिनी विमानाची झिप फाइल उतरवून घेतली होती. काहीतरी चुकलंय हे कळत होतं, तरी थ्रॉटल पुढे सरकवला. ग्लायडर पळायला लागलं! वेग घेतला, नाक उचललं आणि ते वर चढलं. दिसायला ग्लायडर, पण वागणं सगळं त्या छोट्या विमानाचं.

फ्लाइटगिअर हा घरच्या संगणकावर चालणारा, पूर्णपणे मोफत सिम्युलेटर. १९९७ पासून जगभरचे हौशी प्रोग्रामर तो घडवत आले आहेत. विमानाचा त्रिमितीय सांगाडा सापडला नाही, की त्याच्या जागी तो हे ग्लायडर उभं करतो. माझ्या बाबतीत झालं होतं ते इतकंच: झिप उलगडल्यावर फोल्डरच्या नावाला शेवटी 'मास्टर' असा शब्द चिकटलेला होता. विमानाच्या आतल्या फाइली मात्र एकमेकींना मूळ नावानेच शोधत होत्या. चित्राचा पत्ता चुकला, उड्डाणाच्या गणिताचा चुकला नाही. शेपूट काढून टाकलं आणि पुढच्या खेपेला खरं विमान कॉकपिटसकट हजर झालं.

नवं विमान बसवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आधी फोल्डरचं नाव बघा, मग फोल्डरात तेच फोल्डर पुन्हा नाही ना ते बघा. विमानं प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात कोंबू नका. वेगळी जागा करा आणि सिम्युलेटरला ती दाखवा. म्हणजे नवी आवृत्ती घातली तरी तुमचा ताफा शाबूत राहतो.

पण त्या ग्लायडरने मला जे दाखवलं ते याहून मोलाचं होतं. विमानाचं रूप आणि विमानाचं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिम्युलेटरचा जीव वागण्यात आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक यांनी वैमानिकांसाठी जे शिकवणी-यंत्र बनवलं, त्यात बाहेरचं दृश्य मुळी नव्हतंच. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात पियानो आणि ऑर्गन बनत. तिथले हवेचे भाते त्यांनी एका लुटुपुटीच्या विमानाखाली बसवले. आपल्या पेटीला असतो तसलाच भाता, फक्त इथे तो सुरांऐवजी माणसाला झुकवायचा. वरून झाकण बंद, आत फक्त घड्याळांसारखी उपकरणं. दुसऱ्या महायुद्धातले हजारो वैमानिक त्यात बसून ढगातून उडायला शिकले.

आज भात्याची जागा आकड्यांनी घेतली आहे. फ्लाइटगिअरमधल्या सेसना १७२ या विमानाची उड्डाणाची फाइल साध्या मजकुरासारखी उघडून वाचता येते. तिच्यात एक तक्ता आहे. एका रकान्यात पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतोय ते, शेजारी त्या कोनाला मिळणारी उचल. कोन शून्य असताना आकडा ०.२५. कोन वाढेल तसा तो चढत जातो आणि सोळाएक अंशांवर १.४७ ला पोचतो. तिथून पुढे उतरण. विसाच्या पलीकडे गेलात की तो १.१५ वर आलेला असतो. उड्डाणात ज्याला स्टॉल म्हणतात, नाक वर उचलत राहूनही विमान खाली बसायला लागतं ते, या चार-पाच ओळींत आहे. पंखावरून सरकणारी हवा पृष्ठभाग सोडते, त्याचा हा हिशोब. बोट ठेवून दाखवावा असा.

बाकीचं काम सिम्युलेटर करतो. सेकंदाला १२० वेळा तो तक्त्यात डोकावतो, मधला कोन असेल तर प्रमाणात मधला आकडा काढतो, त्याला पंखाच्या क्षेत्रफळाने, हवेच्या घनतेने आणि वेगाच्या वर्गाने गुणून निम्मं करतो. जोर मिळाला की न्यूटनच्या नियमाने त्वरण, त्वरणावरून वेग, वेगावरून नवी जागा. आणि पुन्हा पहिल्यापासून.

सगळे सिम्युलेटर असं तक्त्यावर चालत नाहीत. एक्स-प्लेन पंखाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा जोर वेगळा काढतो, त्यामुळे तिथे पंखाचा आकार बदलला की वागणं आपोआप बदलतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये नवं विमान 'कम्युनिटी' नावाच्या फोल्डरात टाकायचं असतं. सोबतच्या एका यादीत प्रत्येक फाइलची नोंद लागते, आणि यादीत नसलेली फाइल असून नसल्यासारखी. एकाचं विमान दुसऱ्यात चालत नाही ते या वेगवेगळ्या पद्धतींमुळेच. रंगरूप नेता येईल एक वेळ, वागण्याचं वर्णन प्रत्येकाच्या भाषेत नव्यानेच लिहावं लागतं.

एक प्रयोग जरूर करून पाहा. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला, की तिथली हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ असते. विमानाच्या लेखी तो विमानतळ जणू ५,००० फुटांच्या आसपास नेऊन ठेवलेला असतो. उचल कमी, इंजिनाला हवा कमी, पंख्याचा रेटाही कमी. मी सिम्युलेटरच्या हवामानात ३८ अंश घातले आणि सेसना सोडली. धावपट्टीच्या कडेचे दिवे एकामागून एक मागे पडत राहिले, चाकं जमीन सोडेनात. पाठ खुर्चीला टेकलेली, हातात साधी जॉयस्टिक, तरी मी श्वास रोखून बसलो होतो. अखेर ती उठली. मग परत सुरुवातीला येऊन जानेवारीतल्या पहाटेचे १२ अंश लावले, तोच थ्रॉटल, तीच धावपट्टी. या खेपेला ती कितीतरी अलीकडेच वर निघाली. फाइलीतल्या एकाही आकड्याला मी हात लावला नव्हता.