खाडा कोण भरून देणार?

सप्टेंबर १८९३. लंडनमध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेची सभा भरली होती. यॉर्कशायरच्या क्लबांनी त्या सभेपुढे एक ठराव ठेवला होता. आपल्याकडच्या कोणत्याही रोजंदारी मजुराला तो एका दमात कळला असता. सामन्यापायी कामावर खाडा पडला, तर त्या वेळेची मजुरी खेळाडूला क्लबाने भरून द्यावी, एवढीच मागणी. २८२ विरुद्ध १३६ मतांनी ठराव पडला. सभेत वजन होतं ते दक्षिणेकडच्या सुखवस्तू, शिकल्यासवरल्या मंडळींचं. खेळासाठी पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. उत्तरेकडचे खेळाडू मात्र कोळशाच्या खाणीत आणि कापडगिरणीत राबणारे. गिरणी शनिवारी दुपारपर्यंत चाले. दूरच्या गावी सामना असला की निम्म्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागे.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले वीसहून अधिक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाच्या खाड्याला सहा शिलिंग, असा दरही ठरवला. १८९८ मध्ये उघडपणे पैसे घेऊन खेळायला मुभा मिळाली, पण अट अशी की खेळाडूला दुसरा प्रामाणिक रोजगार हवाच. १९०६ मध्ये संघ पंधरावरून तेरा जणांवर आला. त्यामुळे खेळ वेगवान झाला, आणि दोन माणसांची मजुरी वाचली हेही क्लबांच्या हिशेबनिसांच्या नजरेतून सुटलं नसणार. हाच रग्बी लीग. मूळचा पंधरा जणांचा खेळ तो रग्बी युनियन.

सिडनीतही भांडण जवळपास याच कारणाने पेटलं. ॲलेक बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला आणि संघटनेने हात वर केले. १९०७ मध्ये तिथे लीगची वेगळी संघटना उभी राहिली. तिचे पहिले खजिनदार होते व्हिक्टर ट्रम्पर, आपल्या जुन्या क्रिकेटवेड्या पिढीच्या तोंडी असणारे तेच ट्रम्पर. त्यांचं खेळसाहित्याचं दुकान हा या बंडखोरांचा अड्डा होता.

हा खेळ वाशिम जिल्ह्यात रुजवायचा म्हटलं तर काय लागेल? प्रश्न ऐकून कुणी हसेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आत. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी एक. वत्सगुल्म म्हणून ही वाकाटकांची राजधानी होती, हे भाषणात सांगायला बरं; पोराला मैदानावर आणायला त्याचा उपयोग नाही. इथे रग्बी म्हणजे टीव्हीवर कधीतरी दिसलेला लांबोडका चेंडू. त्यात पुन्हा रग्बीचे दोन पंथ आहेत, हे समजावायला गेलात तर ऐकणारा चहा संपवून उठेल.

खरं तर वऱ्हाडातल्या माणसाला दोन्ही पंथांतला लीग लवकर समजावा. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, साथीदाराला द्यायचा तो मात्र मागेच. समोरचे पकडून पाडतात. पडलेला गडी उठतो, चेंडू पायामागे सारतो आणि डाव पुन्हा सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे. शेवटची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की चार गुण. युनियनमध्ये पडलेल्या चेंडूवर जी झुंबड उडते आणि जिचे नियम पंचांनाही घाम फोडतात, ती इथे नाही. चढाई करणारा एकटा आणि त्याला घेरणारे तिघे-चौघे, हे दृश्य कबड्डीच्या प्रेक्षकाला नवं नाही. फक्त कबड्डीतली घोट्याची पकड बसून किंवा वाकून होते. इथे पूर्ण वेगाने येणारा गडी खांद्याने अडवायचा असतो. हा फरक लहान नाही, पुढे त्याच्याकडे यावं लागेल.

पण खेळ समजणं आणि खेळ रुजणं यांत अंतर असतं, आणि ते किती असतं याचा धडा आपल्या शेजारीच आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यांत कबड्डीही होती. टाळ्या भरपूर मिळाल्या. त्यानंतर कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली ती बीजिंगला, १९९० मध्ये. मधली चोपन्न वर्षं गेली नियम एक करण्यात, संघटना बांधण्यात, भांडणं मिटवण्यात. बुवा साळवींसारखी माणसं त्यात आयुष्यभर खपली. अमरावतीच्या मंडळाचं खरं काम मला बर्लिनमध्ये दिसत नाही. तिथून शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेले आणि गावोगावच्या शाळांत रुजू झालेले शिक्षक, हे ते काम.

लीगच्या प्रसारकांनी मात्र बहुतेक वेळा प्रात्यक्षिकावरच भिस्त ठेवली. मेलबर्न हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड असलेलं शहर. तिथे १९९४ मध्ये लीगचा एक मोठा सामना नेला, तर ८७,१६१ माणसं आली. १९९८ मध्ये माध्यमसम्राटांच्या पैशावर मेलबर्न स्टॉर्म हा संघ उतरला आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. पण व्हिक्टोरिया राज्यातच जन्मून, तिथेच खेळ शिकून त्या संघात आलेला पहिला खेळाडू, माहे फोनुआ, मैदानात उतरला तो २०१२ मध्ये. अजिंक्यपद दुसऱ्या वर्षी मिळालं, घरचा मुलगा पंधराव्या हंगामात. तोही टोंगन वंशाच्या कुटुंबातला, म्हणजे रग्बीचा पिंड घरातूनच घेऊन आलेला. दरम्यान ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगार चोरून दिल्याबद्दल २०१० मध्ये संघाची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली. तरी संघ टिकला, कारण मालकाचा खिसा खोल होता. टोरंटोचा नव्हता. २०१७ मध्ये धूमधडाक्यात सुरू झालेल्या टोरंटो वुल्फपॅकने २०२० च्या जुलैत, साथीच्या दिवसांत, हंगाम मध्येच सोडला. खेळाडूंचे पगार थकले होते. मजुरीवरून जन्मलेला खेळ मजुरीवरच अडला.

आपल्या देशातले दाखले युनियनचे आहेत, पण विचार करायला तेच जास्त कामाचे. १९९९ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर सराव करणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवरच्या पोरांना मैदानात बोलावलं. त्यातून मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. पुढे तिचं मुख्य काम शिक्षण आणि रोजगार हे झालं. मला यात खेळाचा पराभव वाटत नाही. पोट बाजूला ठेवून खेळ शिकवता येत नाही, एवढं त्या लोकांना वेळेवर कळलं.

भुवनेश्वरची किस ही आदिवासी मुलांची निवासी संस्था. तिच्या चौदा वर्षांखालच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनची स्पर्धा जिंकली. २०१९ च्या जूनमध्ये मनिलात भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला विजय मिळवला, सिंगापूरवर २१-१९ असा. अखेरच्या क्षणांत निर्णायक किक मारणारी सुमित्रा नायक याच संस्थेची. त्याच संघातली स्वीटी कुमारी बिहारची, मुळात धावपटू. नालंद्याकडची श्वेता शाही शेतकऱ्याची मुलगी. भुवनेश्वरला जेवण, निवारा आणि शाळा एकाच आवारात आहे, त्यामुळे खाड्याचा प्रश्नच उठत नाही. बिहारने पदक आणणाऱ्याला नोकरी देण्याची योजना काढली आणि रग्बीतल्या मुलींनाही तिच्यातून नोकऱ्या मिळाल्या. बाप मुलीला सरावाला पाठवतो, कारण त्या पाठवण्याचा हिशेब त्याला दिसतो. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बीची सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा झाली, चेन्नईने ती जिंकली. छान झालं. पण मंगरूळपीरच्या मुलीच्या दृष्टीने बिहारमधली ती नोकरी अंधेरीतल्या दिव्यांपेक्षा मोठी बातमी आहे.

आणि इथेच रग्बी लीगची खरी अडचण सुरू होते. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून आहे तो सात जणांचा युनियन रग्बी. मान्यता, अनुदान, राष्ट्रीय स्पर्धा, प्रमाणपत्र, सगळं त्या दिशेने वाहतं. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण हे मान्यताप्राप्त खेळाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेला. तेरा जणांच्या लीगचं भारतात वजन नगण्य. त्यामुळे वाशिममध्ये कुणी लीगचं रोप लावायला निघालाच, तर मी म्हणेन की सात जणांच्या रग्बीचा हात धरूनच निघावं. इंग्लंडमधल्या दोन पंथांचं वैर वऱ्हाडात आणण्याची काही गरज नाही. पकडणं, धावणं, मागे चेंडू देणं हे दोन्हीकडे सारखंच आहे.

कागदाच्या या ओढीला दुसरी बाजूही आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या लाटल्याचं उघडकीस आलं. ज्या खेळाचं साहित्य जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं, त्यात खेळाडू तयार झाले होते. अपरिचित खेळ कागदावर फार झपाट्याने लोकप्रिय होतो. नव्या खेळाची जिल्हा संघटना काढायला माणसं लगेच पुढे येतात, मैदानावर चुना टाकायला येत नाहीत.

मग खेळणारी पोरं कुठून येतील? ती आहेतच. भल्या पहाटे वाशिम, रिसोड, कारंजा कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं-पोरी धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी परीक्षेचे पन्नास गुण. दम, वेग आणि खांद्यातली ताकद, रग्बीला याहून निराळं काय लागतं? भरतीच्या तयारीत आठवड्यातले दोन दिवस चेंडू आला तर धावणं कमी कंटाळवाणं होईल. मात्र प्रशिक्षकाने आधी गुणांचा हिशेब मांडून दाखवावा, नाहीतर पोरं येणार नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नसेल. दुसरी जागा आश्रमशाळांची. मानोरा भागातल्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर कामासाठी कुटुंबं बाहेर पडतात. मुलं मागे राहिली तर वसतिगृहाच्या आधारानेच राहतात. भुवनेश्वरचं गणित छोट्या आकड्यांत इथे मांडता येईल. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मात्र स्वतंत्र क्रीडाशिक्षक सहसा नसतो, तिथून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये.

वेळापत्रकाचं कुणी फारसं बोलत नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत चालतात. त्याच दिवसांत इथे सोयाबीनची सोंगणी असते, सुड्या लागतात, मळणीयंत्राचा नंबर लागायचा असतो, आणि आभाळ भरून आलं तर घरातलं लहानथोर प्रत्येक माणूस शेतात हवं असतं. अशा वेळी तालुक्याच्या सामन्याला निघालेल्या मुलाच्या जागी बापाला रोजाने माणूस लावावा लागतो. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम कुणावर तरी पडतं. म्हणून हंगाम तूर घरात आल्यावरचा धरावा, जानेवारी ते मार्च. खर्चाचं अंदाजपत्रक करताना पहिली ओळ एसटीच्या तिकिटांची आणि जेवणाची, चेंडू तिसऱ्या ओळीत. एका चेंडूवर दोन संघ खेळतात, उपाशी पोटावर कुणीच खेळत नाही.

मैदानाचं दुखणं उरतं. इथली काळी माती पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून विटेसारखी कडक होते. अशा जमिनीवर पूर्ण वेगातली पकड म्हणजे हाडांशी खेळ. इंग्लंडमध्ये तर माजी लीग खेळाडूंनी मेंदूच्या इजेवरून संघटनेविरुद्ध कोर्टाची पायरी चढली आहे. जिल्हा रुग्णालयाचा रस्ता तासाभराचा असलेल्या गावात हा विषय टाळून प्रसार करणं बेजबाबदारपणाचं ठरेल. सुदैवाने लीगच्याच पोटातून, सिडनीच्या संघांच्या सरावातून, १९६० च्या दशकात टच नावाचा प्रकार निघाला. पकडून पाडायचं नाही, फक्त स्पर्श करायचा, सहा स्पर्शांनंतर चेंडू समोरच्याकडे. सहा-सहा खेळाडू, ७० बाय ५० मीटरचं मैदान, मुलं-मुली एका संघात खेळू शकतात. चौदा वर्षांखाली एवढंच शिकवावं. पाडापाडी त्यानंतर, नांगरून भुसभुशीत केलेल्या जागेवर, आणि खेळाडूंचा विमा उतरवल्यावर. मुलामुलींचा एकत्र संघ रिसोडात चालेल का, मालेगावात चालेल का, ते त्या त्या शाळेच्या बाईंनी ठरवावं. पालकांशी बोलायचं त्यांनाच असतं.