आधी धुराडे, मग स्टोव्ह

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट, न्यू हॅम्पशर, मेन या राज्यांत जुन्या घरांच्या बैठकीत विटांची फायरप्लेस हमखास आढळते. ती दिसायला देखणी असते, पण घर ऊबदार ठेवण्याच्या कामी फारशी येत नाही. उघड्यावर जळणाऱ्या लाकडाची जेमतेम १० टक्के उष्णता खोलीला मिळते. उरलेली धुराड्यातून वर जाते आणि जाता जाता खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. तिची जागा भरायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरते. त्यामुळे विस्तवापुढे बसलेल्याचे तोंड भाजते आणि पलीकडची खोली आणखी गारठते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला इन्सर्टचा. ही बिडाची किंवा पोलादी पत्र्याची, काचेचे दार असलेली बंद पेटी फायरप्लेसच्या पोकळीतच बसवली जाते. दुसरा सुट्या स्टोव्हचा. तो खोलीत स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि त्याला धूर बाहेर नेणारी नळी जोडलेली असते. आतली आग दोन्हींत सारखीच जळते. लाकडाला लागणारी हवा झडपेने मोजून आत सोडली जाते. अनेक स्टोव्हमध्ये वरच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आणखी थोडी तापलेली हवा येते आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअसला धुरातले वायूही पेट घेतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लाकडाच्या स्टोव्हसाठी १९८८ मध्ये पहिले नियम केले. मे २०२० पासून नव्या स्टोव्हच्या धुरात तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त कण असलेले चालत नाहीत. नेहमीच्या फोडलेल्या लाकडावर चाचणी घेतली असेल तर ही मर्यादा अडीच ग्रॅम आहे. चांगल्या स्टोव्हमध्ये लाकडातली सुमारे ७० टक्के उष्णता कामी येते. उघड्या फायरप्लेसच्या १० टक्क्यांपुढे हा फरक फार मोठा आहे.

इन्सर्ट आणि स्टोव्ह यांत खरा फरक पडतो तो उष्णता कुठे जाते यात. सुटा स्टोव्ह चारही अंगांनी तापतो, त्याची नळीही तापते आणि ही सगळी ऊब खोलीतच राहते. त्याला विजेची गरज नसते. इन्सर्टच्या तीन बाजू विटांच्या आड असल्याने तिथली उष्णता पुढे आणायला विजेचा पंखा लागतो. जानेवारी १९९८ च्या बर्फवादळात याच राज्यांत अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी पंखा थांबला की इन्सर्टची ऊब बरीच घटते. धुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर विटांत मुरलेली उष्णता अंगणात निघून जाते. ही गळती रोखण्यासाठी इन्सर्टच्या वर, धुराड्याच्या तोंडाशी, पत्र्याचा आडवा पडदा बसवून त्यावर आगीला न जुमानणारी लोकर भरतात.

इन्सर्टची बाजू जागेच्या बाबतीत वरचढ ठरते. तो जमीन फारशी अडवत नाही आणि लहान मुलांच्या वावरात तापलेले लोखंड एकाच बाजूने उघडे राहते. सुट्या स्टोव्हभोवती मोकळी जागा सोडावी लागते. उत्पादकाने वेगळे अंतर दिले नसेल तर लाकडी भिंत किंवा सामान त्याच्यापासून ३६ इंच दूर हवे आणि खाली न जळणारी फरशी हवी. लहान खोलीत या ३६ इंचांमुळे बसायची जागाच उरत नाही. मधला मार्गही आहे: स्टोव्ह फायरप्लेसच्या पुढच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि मागून निघणारी नळी जुन्या धुराड्यात सोडायची. धुराडे नसलेल्या घरात मात्र इन्सर्टचा प्रश्नच येत नाही. तिथे स्टोव्हसाठी दुहेरी भिंतीची, मध्ये उष्णतारोधक भरलेली पोलादी चिमणी छतातून वर न्यावी लागते.

तरीही निवडीची सुरुवात दुकानात होऊ नये, धुराड्यापासून व्हावी. धुराडी साफ करणारा जाणता कारागीर घरात शिरल्यावर स्टोव्हच्या जागेपेक्षा आधी फायरप्लेसमध्ये डोके घालतो. तो पाठीवर आडवा होऊन विजेरीच्या उजेडात वर पाहतो, मग काठीला बांधलेला कॅमेरा वर सरकवतो. त्याला भाजलेल्या मातीच्या नळकांड्यांना गेलेले तडे दिसतात, सांध्यांतून गळालेला चुना दिसतो आणि काळा, चकाकणारा, काचेसारखा थर दिसतो. हा क्रिओसोट. त्याचा वास डांबराचा आणि जळक्या धुराचा, आंबूस असतो. दमट दिवसांत तो घरभर पसरतो, आणि कारागिराच्या कपड्यांतून धुऊनही लवकर जात नाही.

क्रिओसोट का साचतो याचे उत्तर ६ इंचांत आहे. आजच्या बहुतेक मध्यम स्टोव्हचे धूर सोडणारे तोंड ६ इंच व्यासाचे, म्हणजे साधारण २८ चौरस इंचांचे असते. उघड्या आगीसाठी बांधलेला जुना धूरमार्ग १२ इंच लांब-रुंद असेल तर तो १४४ चौरस इंचांचा होतो. पाचपट मोठ्या आणि थंड पोकळीत गेलेला धूर मंदावतो, गार होतो आणि त्यातले डांबर भिंतींवर चिकटते. १९७३ च्या तेलसंकटानंतर लाकडाकडे वळलेल्या अनेक घरांत इन्सर्ट नुसते पोकळीत ढकलून दिले गेले. पुढे नळी जोडलीच नाही. साचलेल्या थराने पेट घेतला की धुराड्यात १,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जाऊ शकते, नळकांडी तडकतात आणि आग घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोहोचते.

म्हणून स्टोव्हच्या तोंडापासून धुराड्याच्या माथ्यापर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलची सलग नळी, म्हणजे लायनर, हवीच. ती बसवणे हे या कामातले सर्वांत कष्टाचे पर्व. छपरावरचा माणूस उष्णतारोधक पांघरुणात गुंडाळलेली लवचिक नळी हळूहळू आत सोडतो आणि खालचा तिच्या टोकाला बांधलेला दोर ओढतो. फायरप्लेसच्या जुन्या झडपेच्या अरुंद चौकटीपाशी ती अडते. मग चौकट कापावी लागते, तेव्हा काजळी थेट खालच्याच्या तोंडावर येते. काम संपल्यावर घरमालकाला काचेमागची ज्वाळा दिसते, नळी कधीच दिसत नाही. नळी आणि मजुरी मिळून कधी कधी स्टोव्हइतकाच खर्च येतो, म्हणून काटकसरीची कात्री पहिल्यांदा इथेच लागते. ती इथे लावू नये.

धुराड्याच्या उंचीचाही नियम आहे: छपरातून बाहेर पडते तिथून ते किमान ३ फूट वर हवे आणि १० फुटांच्या आतल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच हवे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा. मेपल साधारण वर्षभरात वाळते, ओकला दोन वर्षे लागू शकतात. खोलीपेक्षा मोठा स्टोव्ह घेऊ नये, कारण तो सतत झडप दाबून धुमसत ठेवला जातो आणि पुन्हा क्रिओसोट साचतो. वर्षातून एकदा धुराड्याची तपासणी करावी, राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवावी आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवावे.

धुराडे धड, फायरप्लेस खोल आणि खोली लहान असेल तर इन्सर्ट योग्य. वीज बेभरवशाची असेल, जागा असेल आणि घराची मुख्य ऊब लाकडावरच अवलंबून असेल तर सुटा स्टोव्ह घ्यावा. धुराडे तडकलेले असेल तर दोन्हींची खरेदी थांबवून आधी त्याची दुरुस्ती करावी.