हौस डाव्या स्टिअरिंगची!

परदेशातली आवडती मोटार घरी आणायची, तर कायदा काय म्हणतो?

रायपूरच्या बुढापाऱ्यातून मोटार बाहेर काढणं हे कसबाचंच काम. एका अंगाला बुढा तलाव, म्हणजेच विवेकानंद सरोवर, दुसऱ्या अंगाला सदर बाजाराकडे जाणाऱ्या गल्ल्या, जवळच सप्रे शाळेचं मैदान आणि दिवसभराची वर्दळ. अशा ठिकाणी डावीकडे स्टिअरिंग असलेली लांबलचक अमेरिकन गाडी आली, तर बघ्यांची गर्दी होईल यात शंका नाही. पण ती गाडी तिथवर पोचणार कशी?

प्रश्न केवळ गमतीचा नाही. रायपूर काय किंवा नागपूर काय, मराठी घरांतली मुलं अमेरिकेत आणि आखातात स्थिरावली आहेत. न्यू जर्सी असो की दुबई, दोन्हीकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. मायदेशी परतताना 'आपली गाडीही सोबत नेऊ' असं मनात येणं साहजिक आहे. पण नियम न पाहता गाडी जहाजावर चढवली, तर ती बंदरातच अडकते आणि आयुष्याची पुंजी पणाला लागते.

अडतं कुठे?

अनेकांचा समज असा, की डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला आपल्याकडे बंदीच आहे. तसं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 120 नुसार अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येते. मात्र तिला ठरवून दिलेलं, चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवरचं इशारा देणारं साधन हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने आणलेल्या विलीज जीपगाड्या डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या. युद्धानंतर त्यातल्या कितीतरी इथेच विकल्या गेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं खेडोपाडी धावल्या.

घोडं अडतं ते आयातीच्या धोरणात. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे नव्या मोटारीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हवेत. वापरलेल्या गाडीलाही उजव्या स्टिअरिंगची अट आहेच. शिवाय ती तीन वर्षांहून जुनी नको आणि येणार फक्त मुंबई बंदरातून. म्हणजे रायपूरकराला गाडीसाठी आधी मुंबई गाठणं आलं. त्यावर शुल्क आणि कर मिळून वापरलेल्या गाडीच्या मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम भरावी लागते, ती वेगळीच.

ही कडक अट कशासाठी? डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर चालकही डावीकडेच बसला, तर पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरून येणारं वाहन त्याला वेळेवर दिसत नाही. शेजारी बसलेल्याला 'येतंय का काही?' असं विचारत गाडी हाकावी लागते. हेडलाइटचं दुखणं तर आणखी वेगळं. उजवीकडून चालणाऱ्या देशांतल्या दिव्यांचा झोत उजव्या कडेला अधिक पडतो. आपल्याकडे नेमका तोच समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

'इथे आणून स्टिअरिंग उजवीकडे बसवून घेऊ' ही युक्तीही उपयोगाची नाही, कारण बंदरात उतरतानाच अट तपासली जाते. शिवाय कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत.

हौशींसाठी खिडकी

खऱ्या शौकिनांची नजर असते ती जुन्या, दुर्मिळ गाड्यांवर. पूर्वी 1950 च्या आधी बनलेल्या मोटारींपुरती असलेली आयातीची सवलत 2025 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत वाढवण्यात आली. तरीही पैसे पाठवण्याआधी स्टिअरिंगसह गाडीचा सगळा तपशील महासंचालनालयाला कळवून लेखी खुलासा घ्यावा, हेच शहाणपणाचं.

नोंदणीचे नियम 2021 मध्ये आले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात, म्हणजे छत्तीसगडात 'सीजी व्हीए'. पण या गाडीतून रोज कचेरीला किंवा भाजीला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदललेलं असेल, तर 'व्हिंटेज'चा मान मिळणं कठीण.

मग महामार्गावर अधूनमधून दिसणाऱ्या परदेशी पाट्यांच्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या कोणाच्या? त्या असतात जगभ्रमंतीला निघालेल्या पाहुण्यांच्या. 'कार्ने' नावाच्या कागदपत्रावर त्या तात्पुरत्या आत येतात आणि साधारण सहा महिन्यांत बाहेर न्याव्या लागतात. नाहीतर शुल्काचा बडगा बसतो.

सामान्य हौशी माणसाला सोपा मार्ग एकच. देशातच नोंदलेली जुनी जीप किंवा मोटार शोधावी. नोंदणी पुस्तक, चासी आणि इंजिनचे क्रमांक, भरलेला कर आणि विमा पडताळून पाहावा. नोंदणीची मुदत संपली असेल, तर नूतनीकरण होईल का, हे सौदा करण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारावं. परदेशातून गाडी आणायचीच असेल, तर मालक दोन असोत की चार, आयातीचा कागद हाती आल्याशिवाय दमडी देऊ नये. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बंदरात अडकून पडलेल्या गाडीचं मोल मात्र घरच्या सगळ्यांनाच मोजावं लागतं.