पेपर वाचतो कोण?

लीड्स, ब्रिटन

पनवेलच्या प्राध्यापक मित्रांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो: तिकडे संशोधनाचे पेपर छापायची सक्ती आहे का? सक्ती आहे, आणि चांगलीच आहे. फरक आहे तो पेपर छापून आल्यावर त्याचं काय होतं, यात.

संशोधनाचं राष्ट्रीय मूल्यमापन इथे १९८६ पासून होतं. आज त्याला 'रेफ' म्हणतात. २०२१ च्या फेरीत १५७ संस्थांचे ७६ हजारांहून जास्त प्राध्यापक होते. सात वर्षांच्या कामातून माणशी सरासरी अडीच लेख किंवा पुस्तकं मागवली. कोणाचंही किमान एक, जास्तीत जास्त पाच. त्या त्या विषयातली जाणकार मंडळी एकेक काम तपासून शून्य ते चार तारे देतात. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर त्यांनी बघायचाच नाही, असा नियम आहे. या ताऱ्यांवर विद्यापीठाचं संशोधन अनुदान ठरतं.

त्यासाठी वेळही मिळतो. अनेक विद्यापीठांत चाळीस टक्के वेळ अध्यापनाला, चाळीस संशोधनाला आणि वीस प्रशासकीय कामाला, अशी वाटणी असते. सगळं आलबेल आहे असं नाही. १९९२ नंतर ज्या पॉलिटेक्निकची विद्यापीठं झाली, तिथे तासिकांचा भार जास्त. फक्त शिकवण्याच्या करारावर असलेल्यांना दुय्यम वागणूक मिळाल्याची खंत ऐकू येते. सध्या तर अनेक ठिकाणी नोकरकपात चालू आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांनी एपीआय स्कोअर, म्हणजे प्राध्यापकाच्या कामगिरीचे गुण, आणला. आठवड्याला सोळा तासिका, उत्तरपत्रिकांची तपासणी, नॅक मूल्यांकनाच्या फायली, आणि वर बढतीसाठी गुण. मग पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणारी दुकानं निघाली, यात नवल नाही. २०१८ साली पुण्याच्या अभ्यासकांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. पुढे आलेली 'केअर' ही चांगल्या नियतकालिकांची यादीही यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. नियतकालिक पारखायची जबाबदारी आता संस्थांवरच आहे.

मला ही संधी वाटते. यादी नाही, तर पेपर वाचावाच लागेल. पनवेलमध्ये स्वायत्त महाविद्यालयं आहेत. त्यांनी गुण देण्याआधी विषयातल्या दोघांना पेपर वाचायला द्यावा, आणि मनापासून संशोधन करणाऱ्याच्या तासिका थोड्या कमी कराव्यात. विषयांची वाण नाही: नवी मुंबई विमानतळासाठी उठलेली गावं, गाढी नदीचा पूर, कर्नाळ्याचे पक्षी. ब्रिटनच्या मूल्यमापनात संशोधनाचा समाजाला काय उपयोग झाला, हेही पुराव्यासह दाखवावं लागतं. पनवेलच्या प्राध्यापकाला तो पुरावा कॉलेजच्या फाटकाबाहेरच सापडेल. त्याला फक्त तेवढी सवड द्यायला हवी.