घाटाच्या दोन्ही अंगांना एकच भाषण

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. याच गावच्या शिवारातला कळसा नाला पश्चिमेला उतरतो, म्हादईला मिळतो आणि त्याचं पाणी गोव्यातून अरबी समुद्राला जातं.

कळशाचं पाणी कालव्यानं मलप्रभेत वळवायची कर्नाटकाची जुनी योजना आहे. २००६ साली कणकुंबीतच त्या कामाचा नारळ फुटला. म्हादईच्या पाणीतंट्यावरच्या लवादानं १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कळशातून वळवायला दिलं ते अवघं १.७२ टीएमसी (अब्ज घनफूट). मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणात ३७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यापुढे हे किती थोडं! पण एवढ्याशा पाण्यावर दोन राज्यांतल्या निवडणुका तापतात. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो या पाण्याचा प्रचारातला प्रवास.

२१ डिसेंबर २०१७ ची हुबळीची सभा घ्या. कर्नाटक विधानसभेची निवडणूक पाचेक महिन्यांवर आलेली. भाजपचे तेव्हाचे कर्नाटक प्रदेशाध्यक्ष येडियुरप्पा यांनी व्यासपीठावरून एक पत्र वाचून दाखवलं. पत्र गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं होतं. पिण्यासाठी वाजवी पाणी द्यायला गोव्याची हरकत नाही, असा त्याचा आशय. ते कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना नव्हे, तर पक्षाचे प्रदेशाध्यक्ष म्हणून येडियुरप्पांनाच लिहिलेलं होतं. नेमक्या वेळी, नेमक्या मैदानात, नेमक्या श्रोत्यांसमोर उघडलेला कागद! उत्तर कर्नाटकातल्या दुष्काळग्रस्त शेतकऱ्याच्या कानाला ते गोड लागलं असेल, पण गोव्यात त्यावरून गदारोळ उठला.

२८ जानेवारी २०२३ ला पुन्हा तेच घडलं. बेळगाव जिल्ह्यातल्या एम. के. हुबळीच्या सभेत अमित शहा यांनी म्हादईचा तंटा मिटवून कर्नाटकाच्या शेतकऱ्यांना पाणी दिल्याचं सांगितलं, आणि गोव्यात संतापाची लाट आली.

पूर्वी असं भाषण बऱ्याच अंशी मैदानातच राहायचं. कर्ण्याचा आवाज पोचेल तिथवर सभा. वर्तमानपत्राची बेळगाव आवृत्ती वेगळी, गोवा आवृत्ती वेगळी. बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या वर एक आश्वासन आणि खाली दुसरं, असं दोन्ही निभावून जायचं. मोबाइलनं ही सोय मोडली. भाषणाचा तुकडा कापला जातो, त्यावर कोकणी किंवा मराठी मथळा चढतो आणि काही मिनिटांत तो घाट उतरतो. मतदाराच्या हाती आलेली ही फार मोठी ताकद आहे, असं मी मानतो.

पण पैसे मोजून केलेल्या जाहिरातीची गोष्ट निराळी. फेसबुकवर जाहिरात देणारा गाव, वय, भाषा, आवड निवडू शकतो. धारवाडकडच्या नवलगुंदच्या शेतकऱ्याला कन्नडमधून कालव्याचं चित्र आणि गोव्याच्या सत्तरीतल्या तरुणाला आटलेल्या म्हादईचं चित्र दाखवणं त्यामुळे शक्य होतं. दोघांनाही शेजाऱ्याला काय दिसलं ते कळत नाही. कळशाचा पाणलोट निदान डोळ्यांना दिसतो. जाहिरातींचा हा पाणलोट दिसतही नाही.

कणकुंबीचा मतदार तर या खेळात कुणाच्या खिजगणतीतच नाही. त्याचं मत विधानसभेला खानापुरात आणि लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मोजलं जातं. पाण्याची मतं मात्र हुबळी-धारवाडकडे आणि पणजीकडे. ज्याच्या शिवारातून कालवा खणला, त्या मराठी माणसासाठी या प्रचारात एक वेगळं वाक्यही लिहिलं जात नाही, याचा मला राग येतो.

तरीही या जाहिरातींच्या आत डोकावायला एक खिडकी आहे. २०१९ पासून फेसबुकच्या जाहिरात संग्रहात भारतातल्या राजकीय जाहिराती कुणालाही पाहता येतात. पैसे कुणी दिले, साधारण किती खर्च झाला, कोणत्या राज्यात, कोणत्या वयोगटाला ती दिसली, हे तिथं असतं. घाटावरच्या माणसाला खालची जाहिरात आणि खालच्याला वरची, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरणारा मजकूर मात्र या संग्रहात सापडत नाही. फार वेळा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, एवढं बंधन व्हॉट्सॲपनं २०२० मध्ये घातलं. पण तो मुळात कुणी लिहिला, हे ना हुबळीत कळतं ना पणजीत.